सुएझ, ऑक्टोबर १९७३: अरब-इस्रायल भांडणातला पहिला तह कसा झाला?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

मी व्यापारी जहाजांवर इंजिनीयर होतो. सुएझ कालव्यातून किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही, पण पहिली खेप १९८६ ची. इंजिनरूमवाल्याला कालवा दिसत नाही. पोर्ट सैदला पायलट चढला की आम्ही खाली स्टँडबाय, आणि दोन्ही बाजूंनी सरकणारं वाळवंट फक्त डेकवाल्यांच्या वाट्याला. त्या काळी मात्र दक्षिणेकडे जाणारा कॉन्व्हॉय ग्रेट बिटर लेकमध्ये नांगर टाकून थांबायचा, समोरून येणारी जहाजं निघून जाईपर्यंत. तेवढे काही तास आम्हाला वर यायला मिळायचे.

तिथे रेलिंगला टेकून उभा असताना आमच्या चीफसाहेबांनी सांगितलं होतं, "याच पाण्यात चौदा जहाजं आठ वर्षं अडकली होती." मला तेव्हा खरं वाटलं नाही. पण ते खरंच होतं. ५ जून १९६७ ला युद्ध सुरू झालं, इस्रायलने सहा दिवसांत इजिप्तचं सिनाई (कालव्याच्या पूर्वेचं वाळवंट) घेतलं, कालव्याच्या पूर्व काठावर इस्रायली फौज आणि पश्चिम काठावर इजिप्तची, अशी मांडणी झाली आणि कालवा बंद पडला. आत असलेली ब्रिटिश, पश्चिम जर्मन, स्वीडिश, पोलिश, अमेरिकी अशी जहाजं तिथेच राहिली. वाळू बसून बसून ती पिवळी पडली. खलाशांनी आपली संघटना केली, स्वतःची तिकिटं छापली, १९६८ मध्ये आपसात ऑलिंपिकसुद्धा भरवलं. कालवा उघडला ५ जून १९७५ ला, बरोबर आठ वर्षांनी. तोवर मुंबईहून लंडनला जायचं तर साधारण ६,२०० सागरी मैलांऐवजी आफ्रिकेला वळसा घालून साधारण १०,८०० मैल. आमच्या आधीच्या पिढीच्या खलाशांनी हे मैल मोजलेत.

मी निवृत्त झाल्यावर या आठ वर्षांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्यातून माझं एक मत झालं आहे, ते इथे मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

१९६७ नंतर तह होणं शक्यच नव्हतं. इस्रायलला इतकं मिळालं होतं (सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गोलन) की परत द्यायची घाई नव्हती. इस्रायलचे संरक्षणमंत्री मोशे दायान म्हणत, शर्म अल-शेखशिवायच्या (सिनाईच्या दक्षिण टोकाचं ठाणं) शांततेपेक्षा शांततेशिवायचं शर्म अल-शेख बरं. आणि अरब देशांचा पराभव इतका लाजिरवाणा होता की बोलणी म्हणजे शरणागती. सप्टेंबर १९६७ मध्ये सुदानच्या राजधानीत, खार्टूमला, त्यांनी तीन नकार दिले: तह नाही, मान्यता नाही, वाटाघाटी नाहीत. त्याच नोव्हेंबरात सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव आला. त्यात इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशातून माघार घ्यावी असं आहे. इंग्रजी मजकुरात 'प्रदेश' या शब्दाआधी निश्चित उपपद नाही, फ्रेंच मजकुरात आहे. एकाचा अर्थ 'काही प्रदेश' असा लावला गेला, दुसऱ्याचा 'ते सगळे प्रदेश'. मराठीत उपपदच नसल्यामुळे आपल्याला हे भांडण कळायला जरा वेळ लागतो, पण अर्धं शतक वकील त्यावर झगडत आहेत.

आता ६ ऑक्टोबर १९७३. शनिवार, दुपारचे दोन. ज्यूंचा योम किप्पूर (उपासाचा पवित्र दिवस), मुसलमानांचा रमजान. कालव्याच्या पूर्व काठावर इस्रायलने वाळूचा बांध घातला होता, काही ठिकाणी वीस मीटरपर्यंत उंच, मागे बार-लेव रेषेची, म्हणजे इस्रायलच्या संरक्षक फळीची, ठाणी. सुरुंग लावून त्यात रणगाडे जातील एवढी वाट करायची तर फार वेळ गेला असता, आणि तेवढ्यात इस्रायली रणगाडे पोचले असते. मार्ग काढला बाकी झकी युसुफ नावाच्या इंजिनीयर अधिकाऱ्याने. हा माणूस आस्वान धरणावर काम करून आलेला. तिथे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाळू हलवत. त्याने सांगितलं, कालव्याचंच पाणी ओढा आणि बांधावर सोडा. अग्निशामक पंप म्हणून ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीतून पंप घेतले गेले, आणि दोन-तीन तासांत बांधाला भगदाडं पडायला लागली. आयुष्यभर मी पंपांचीच देखभाल केली, म्हणून असेल, पण या युद्धातली मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट हीच.

इस्रायलला खबर नव्हती असं नाही. जॉर्डनचे राजे हुसेन यांनी २५ सप्टेंबरला इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांना भेटून इशारा दिला होता. इजिप्तचे दिवंगत अध्यक्ष नासर यांचा जावई अश्रफ मारवान याने आदल्या रात्री लंडनमध्ये इस्रायलची गुप्तचर संस्था मोसादच्या प्रमुखांना सांगितलं होतं, उद्या संध्याकाळी. पण लष्करी गुप्तचर खात्याची एक ठाम धारणा होती: लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया लढणार नाही. समोर दिसणारी प्रत्येक गोष्ट या धारणेत बसवली गेली. इस्रायलमध्ये त्या धारणेला लावलेला शब्द आजही शिवीसारखा वापरला जातो.

पहिले काही दिवस इजिप्तचे आणि सीरियाचे. मग १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे आपल्या क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर निघाले आणि मोठी हानी झाली. १५-१६ च्या रात्री आरिएल शारोन यांच्या तुकडीने बिटर लेकच्या उत्तर टोकाशी कालवा उलट दिशेने ओलांडला. शेवटी इजिप्तची थर्ड आर्मी सुएझ शहराजवळ घेरली गेली, पाण्यावाचून. शस्त्रसंधीनंतर कैरो-सुएझ रस्त्यावर १०१ व्या किलोमीटरला तंबू ठोकून दोन सेनापती समोरासमोर बसले, इस्रायलचे यारीव आणि इजिप्तचे गमासी. अडकलेल्या सैनिकांना पाणी आणि औषधं कशी पोचवायची, इथून ती बोलणी सुरू झाली.

म्हणजे दोघांनाही 'आपण जिंकलो' म्हणता येत होतं आणि दोघांनाही आपण हरता हरता वाचलो हे माहीत होतं. माझं म्हणणं एवढंच: कालवा ओलांडला म्हणून इजिप्तचे अध्यक्ष सादात १९७७ मध्ये जेरुसलेमला जाऊ शकले. आणि सुमारे २,६०० सैनिक गमावल्यावरच, जेमतेम तेहतीस लाख वस्तीच्या इस्रायलला सिनाईच्या वाळूपेक्षा तह अधिक सुरक्षित वाटू लागला.

२६ मार्च १९७९ ला तह झाला. २५ एप्रिल १९८२ ला सिनाई परत गेलं. यामित ही वसाहत इस्रायलने स्वतः पाडली, आणि पाडणारे संरक्षणमंत्री तेच शारोन. तो तह आजही उभा आहे.

मोडीवाचक

फार चांगला धागा. पंपांची गोष्ट माहीत नव्हती.

एक भर घालतो. सादात यांना जेरुसलेमला नेण्यात पावाचाही हात होता. जानेवारी १९७७ मध्ये इजिप्त सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींपायी पाव, साखर, तेल यांवरचं अनुदान कापलं. १८ आणि १९ जानेवारीला अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत लोक रस्त्यावर आले, लष्कर बोलवावं लागलं आणि भाववाढ मागे घ्यावी लागली. युद्धावर पैसा घालत राहायचं आणि लोकांना पावही द्यायचा, हे दोन्ही जमणार नाही हे त्या दोन दिवसांत स्पष्ट झालं. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला त्यांनी संसदेत जाहीर केलं की मी इस्रायलच्या संसदेतही जायला तयार आहे. पॅलेस्टिनी नेते यासर अराफात त्या सभागृहात बसलेले होते. दहा दिवसांनी सादात यांचं विमान इस्रायलमध्ये उतरलं.

भारताचा एक धागा याला जोडलेला आहे. ऑगस्ट १९७७ मध्ये दायान (तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते) गुपचूप दिल्लीला येऊन मोरारजी देसाईंना भेटून गेले. आपले इस्रायलशी पूर्ण संबंध नव्हते, १९५३ पासून फक्त मुंबईत त्यांची वकिलात. मोरारजींनी त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं: आधी व्यापलेला प्रदेश सोडा. पूर्ण संबंध जुळायला जानेवारी १९९२ उजाडलं.

भाकरतुकडा

तेलाचा उल्लेख राहिला. १७ ऑक्टोबर १९७३ ला अरब तेल-उत्पादकांनी उत्पादन कमी करायचं ठरवलं, आणि पुढच्या काही दिवसांत अमेरिकेला होणारी निर्यात बंद केली. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल जानेवारी १९७४ पर्यंत बाराच्या जवळ गेलं. माझे वडील तेव्हा परळला गिरणीत होते. आई सांगते, रॉकेलची रांग पहाटेपासून लागायची. त्या वर्षीची महागाई ज्यांनी काढली त्यांना सिनाई नकाशावर कुठे आहे हे माहीत नसेल, पण चटका बसला. आणि योगायोग म्हणजे त्याच फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायमध्ये, तेल लागलं.

वाळूघड्याळ

लेख मन लावून लिहिला आहे, तरी माझा विरोध नोंदवतो.

तुम्ही तह दोन देशांमधला म्हणून सांगितलात आणि ज्यांच्यावरून हे सगळं भांडण उभं राहिलं ते लोक कुठेच आले नाहीत. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपली घरं सोडून गेले किंवा हाकलले गेले. त्यांची मुलं-नातवंडं छावण्यांत जन्मली. सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर, सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन बसले, तिथे पॅलेस्टिनींचा एकही प्रतिनिधी नव्हता. दोन मसुदे झाले. एक सिनाईचा, तो पाळला गेला. दुसरा वेस्ट बँक आणि गाझाच्या स्वायत्ततेचा, तो कागदावर राहिला. वसाहती किती काळ थांबवायच्या यावर कार्टर आणि बेगिन यांची आठवणही जुळली नाही. कार्टर म्हणाले बोलणी संपेपर्यंत, बेगिन म्हणाले तीन महिने. इजिप्तचे परराष्ट्रमंत्री कामेल यांनी तिथेच राजीनामा दिला. त्यांच्या आधीच्या मंत्र्याने तर जेरुसलेमच्या दौऱ्यावरूनच दिला होता.

आणि पुढे काय झालं? सिनाई मिळालं २५ एप्रिल १९८२ ला. सहा आठवड्यांत इस्रायल लेबनॉनमध्ये. दक्षिणेला सगळ्यात मोठी अरब फौज आता शत्रू राहिली नव्हती, त्यामुळे उत्तरेला हात मोकळे झाले. सप्टेंबरात बेरूतमधल्या साब्रा आणि शातिला इथलं पॅलेस्टिनींचं हत्याकांड. तुमचा तह टिकला हे खरं आहे. त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली हेही खरं आहे.

घाटमाथा

वाळूघड्याळ, सात लाख सांगताना दुसरा आकडाही सांगा. १९४८ नंतरच्या वर्षांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले. १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून लाखाहून जास्त, घरदार आणि नागरिकत्व सोडून. मुंबईत भायखळ्याला बगदादी ज्यूंची जुनी वस्ती आहे, त्यांना विचारा बगदादमध्ये काय झालं. आणि पॅलेस्टाइनच्या फाळणीची संयुक्त राष्ट्रांची १९४७ ची योजना अरबांनी नाकारली होती, ज्यूंनी स्वीकारली होती. ३३ विरुद्ध १३ मतांनी ती मंजूर झाली होती.

वाळूघड्याळ

त्या १३ मध्ये भारतही होता. आपण तेव्हा एकसंघ संघराज्याची योजना मांडली होती, इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर. बगदादच्या ज्यूंवर अन्याय झाला हे मी कधीच नाकारलं नाही. पण तो अन्याय गाझातल्या माणसाने केलेला नाही.

दर्यावर्दी (धागाकर्ता)

दोघांनाही विनंती, एकमेकांचे मृत मोजू नका. इथवर मुद्द्यावर बोललात, तसंच बोला.

वाळूघड्याळ, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या लेखात नव्हता ही माझी चूक. सिनाईत परत देण्याजोगी गोष्ट होती: वाळवंट, थोडी वस्ती, अबू रुदेसचं तेल, विमानतळ. मोजून देता आली, रेघ आखता आली. वेस्ट बँकमध्ये माणसं होती, आणि दोन्ही बाजूंनी तिथे देव आणून उभा केला होता. मला वाटतं बेगिन यांनी सिनाई सोडलं ते बऱ्याच अंशी वेस्ट बँक सोडावी लागू नये म्हणून. हे माझं वाचन आहे, कुणी खोडून काढलं तर बरंच वाटेल.

तोफखाना

मी गोलनमध्ये (सीरियाचा १९६७ मध्ये इस्रायलने घेतलेला डोंगराळ भाग) संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षण दलात एक वर्ष काढलं आहे. २००६ पासून आपली तुकडी तिथे आहे. त्यामुळे धागाकर्त्यांच्या सिद्धांताला थोडा धक्का देतो.

सीरियाशी तह कधीच झाला नाही. ३१ मे १९७४ ला फक्त फौजा मागे घेण्याचा करार झाला, मधे एक पट्टा रिकामा ठेवला, इतकंच. पण ती रेघ सीरियातलं यादवी युद्ध सुरू होईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं शांत होती. एका बाजूला सफरचंदाच्या बागा, दुसऱ्या बाजूला मोडून पडलेलं कुनेत्रा गाव. सकाळी गस्तीला निघालं की मेंढपाळ हात हलवायचे. तिथे ना सादात गेले, ना बेगिन. दोघांना रेघ ओलांडणं परवडत नव्हतं म्हणून ती टिकली. मग डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचे अध्यक्ष असद पडले आणि त्याच दिवशी इस्रायली फौज त्या पट्ट्यात शिरली.

दर्यावर्दी (धागाकर्ता)

तोफखाना, सलाम. तुमचं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. सीरियाचा करार एका राजवटीच्या भरवशावर उभा होता, राजवट गेली तशी रेघ गेली. इजिप्तमध्ये ६ ऑक्टोबर १९८१ ला, त्याच युद्धाच्या वर्धापनदिनाच्या संचलनात सादात यांना त्यांच्याच सैनिकांनी मारलं. दहा वर्षं इजिप्त अरब लीगच्या बाहेर होतं. २०११ मध्ये सादात यांच्यानंतरचे अध्यक्ष मुबारक गेले, मग मुस्लिम ब्रदरहुडचं सरकार आलं, तेही गेलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि त्यानंतर गाझात हजारोंनी माणसं मेली. कैरो आणि तेल अवीव यांचे संबंध पार थंड पडले. पण तह मोडला नाही. म्हणून मला त्याच्याबद्दल एवढं वाटतं.

चौलची_वाडी

मी नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते.

अलिबागजवळच्या आमच्या गावात बेने इस्रायल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) घरं होती. आमच्या शेजारी एक होतं, आडनाव गावावरून 'कर'च. तेलाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. मलिदा केला की आमच्या घरी वाटी यायची. तुम्ही सगळे ज्याला योम किप्पूर म्हणताय त्याला ती काकू दारफळणीचा सण म्हणायची. त्या दिवशी त्यांचं दार बंद, पांढरे कपडे, उपास. आम्हा मुलांना ताकीद असायची की आज हाक मारायची नाही.

साठच्या दशकात ते इस्रायलमध्ये दिमोनाला गेले. पत्रं मराठीत यायची. १९७३ ला माझं लग्न व्हायचं होतं. दिवाळीनंतर आईला काकूचं पत्र आलं. त्यात होतं की दारफळणीच्या दिवशी दुपारी भोंगा वाजला, आमचा मोठा उपाशीपोटीच निघून गेला, सिनाईत आहे म्हणतात. मोठा म्हणजे माझ्याबरोबर आमच्या विहिरीत पोहायला शिकलेला. आईने ते पत्र देवापाशी ठेवलं होतं.

तो परत आला. पुढे १९८० नंतर केव्हातरी त्याचंच कार्ड आलं, कैरोहून. सहलीला गेला होता. मागे पिरॅमिड, आणि मराठीत दोन ओळी: इथे लोक चांगले आहेत, एका दुकानदाराने चहा पाजला, तो पण त्याच लढाईत होता.

मोडीवाचक

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ती पत्रं असतील तर कृपया जपून ठेवा. दारफळणी हा शब्द कोकणाबाहेर कुणाला माहीत नाही.

वाळूघड्याळ

चौलची_वाडी, तुमच्या काकूंबद्दल वाचून गलबललो. त्या मुलाला कैरोत चहा मिळाला याचा मनापासून आनंद आहे.

तरीही त्याच वर्षांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८२ मध्ये सिनाई परत करताना जी सीमा आखली ती रफाह गावाच्या मधून गेली. इतकी वर्षं गाव एक होतं. तारेचं कुंपण आलं आणि घरं दोन देशांत वाटली गेली. इजिप्तच्या बाजूला कॅनडा कॅम्प नावाची निर्वासितांची वस्ती राहिली, काही हजार माणसं. ती गाझाचीच, पण आता पलीकडच्या देशात. नातेवाईक कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून ओरडून बोलायचे: कोण आजारी आहे, कुणाला मूल झालं. त्या वस्तीतल्या सगळ्यांना परत गाझात आणायला २००० साल उजाडलं.

तोफखाना

कॅनडा कॅम्प हे नाव संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या शांतिसेनेवरून पडलं. १९५६ नंतर तिथे कॅनडाची तुकडी होती. रफाहमध्ये ब्राझील नावाची वस्तीही होती, तीही अशीच. आपलेही जवान त्याच दलात होते, जून १९६७ मध्ये त्यातले काही गाझात मारले गेले. तेव्हा दलाचे प्रमुख आपले जनरल रिखी होते.

दर्यावर्दी (धागाकर्ता)

कॅनडा कॅम्पबद्दल मला काहीच माहिती नव्हती. तहाची कलमं वाचली, नकाशा कितीदा पाहिला, आणि ती रेघ गावातून जाते हे दिसलं नाही.

संपादकांना विनंती केली आहे, मूळ लेखात सिनाई परत गेल्याच्या ओळीखाली रफाहचा परिच्छेद जोडायला मुभा द्यावी. वाळूघड्याळ, तो तुम्हीच लिहून द्याल का? आणि चौलची_वाडी, त्या कार्डावर तारीख वाचता येत असेल तर कळवा.

चौलची_वाडी

शिक्का पुसट आहे. भाच्याला भिंग घेऊन बसवते रविवारी.